काम काय करतोस?

(परभणीत तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं आवरून लिहिलं आहे.)



मी मॅट्रिक माणूस. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल चढवतो-उतरवतो, पाळी सुटली की कविता लिहितो. विद्यापीठातल्या एका विषयावर बोलायला मला उभं केलं म्हणून काही जण गालातल्या गालात हसले. हसा. पण हा विषय कुणाच्या अंगावरून शिकला गेला ते ऐका, मग हसू आलं तर बघू.

माझी एक मावसबहीण आहे, गंगाखेड तालुक्यातली. बी.एस्सी. झाली. पुढं तिला पर्यावरण आणि कामाचे आजार हा विषय घ्यायचाय. घरात रोज वादावादी चाललीय. मावसा म्हणतो, "पोलीस भरतीचं बघ, नाहीतर बी.एड. कर. आजार शिकून कुठं पोट भरायलंय?" मावशी म्हणते, "डॉक्टर तर व्हायली नाहीस, मग काहून शिकायलीस हे?" तिनं मला फोन केला, "दादा, तू तरी सांग यांना." जे त्यांना सांगायचं ते मी इथंच सांगतो. हे भांडण एका घरातलं नाही. आपल्या शंभर घरांत हेच चालू आहे.

विषय काय, ते आधी साध्या भाषेत. माणूस जे काम करतो, ज्या हवेत श्वास घेतो, जे पाणी पितो, त्यानं त्याच्या शरीराचं काय होतं हे मोजायचं, लिहायचं, आणि ते थांबवायची तोड काढायची. एवढंच.

आता या विषयाचा जन्म ऐका. इटलीत मोदेना नावाचं गाव. तिथं बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा डॉक्टर होता. त्याच्या घराचा संडासाचा हौद उपसायला एक मजूर आला होता. तो जीव खाऊन, घाईघाईनं काम करत होता. डॉक्टरनं विचारलं, बाबा, एवढी घाई कशाला? मजूर म्हणाला, इथं जास्त वेळ थांबलो तर डोळे जातील. डॉक्टरनं त्याचे डोळे बघितले. मग गावातल्या असल्याच दुसऱ्या मजुरांचे बघितले. कुणी अर्धा आंधळा, कुणी पुरा आंधळा, भीक मागणारा. तिथून तो धंदेच्या धंदे पालथे घालत गेला, खाणीत, कुंभाराकडं, चांभाराकडं, धोबिणीकडं. १७०० साली त्याचं पुस्तक निघालं, चाळीसहून जास्त धंद्यांच्या आजारांचं. आणि तो डॉक्टरांना सांगून गेला की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवा. तू काम काय करतोस?

जगातली विद्यापीठं या माणसाला या शास्त्राचा बाप म्हणतात. म्हणू द्या. पण त्याचा गुरू कोण? मैला उपसणारा मजूर. त्याचं नाव पुस्तकात नाही. ज्ञान त्याच्या डोळ्यातून निघालं आणि नाव दुसऱ्याचं लागलं. हे आपल्याला काही नवीन नाही.

आता आपल्या मुलखात या. इथंही हाच प्रश्न विचारतात. पाहुणा गावात आला की पारावरचा म्हातारा विचारतो, "कोणत्या गावचे? आडनाव काय? काम काय करता?" काम विचारलं की जात कळते, आणि जात कळली की पाणी वरून ओतायचं का तांब्या हातात द्यायचा ते ठरतं. पिढ्यान् पिढ्या हा प्रश्न आपल्याला जागा दाखवायला विचारला गेला. पण जिथं विचारायला पाहिजे तिथं, दवाखान्यात, केसपेपरवर, कुणी विचारत नाही. नाव, वय, गाव, स्त्री का पुरुष. पुढं गोळ्या. आजचं माझं भाषण या एका प्रश्नावर आहे. हा प्रश्न गावकीच्या हातातून काढून आपण हातात घ्यायचा.

सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात, ११ मे २०२३ ला, शौचालयाच्या टाकीत पाच मजूर गुदमरून मेले. आपल्याच जिल्ह्यात. पेपरात दोन दिवस बातमी होती. मेलेले मुसलमान मजूर होते. ते आपले नव्हते असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं आताच उठून जावं. टाकीतला वायू धर्म बघत नाही. टाकीच्या तोंडाशी कुणाला उभं करायचं हे मात्र जात आणि गरिबी मिळून ठरवतात.

टाकीत होतं काय ते समजून घ्या. मैला सडला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखी घाण येते. जास्त झाला की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते. माणसाला वाटतं घाण गेली, आता बरं आहे, आणि तो खाली उतरतो. दोनचार श्वासांत कोसळतो. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. देशभर टाक्यांमध्ये एकापाठोपाठ एक माणसं मरतात ती अशी. ती मूर्ख नव्हती. आपला माणूस खाली पडलाय हे बघून ती उतरली. त्यांच्याकडं फक्त एक माहिती नव्हती, आणि काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, कॉलरला अडकवायचं वायू मोजायचं यंत्र नव्हतं.

मी जहाजाच्या फाळक्यात उतरतो. तीही बंद जागाच. पोत्यातल्या धान्याला कीड लागू नये म्हणून औषधाच्या गोळ्या टाकलेल्या असतात, त्यातून फॉस्फिन वायू निघतो. तुमच्या घरी ज्वारीच्या कणगीत टाकतात त्याच जातीच्या गोळ्या. भंगार लोखंड, लाकूड, कोळसा असला माल बंद फाळक्यात राहिला की हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. गोदी कामगारांसाठी १९८६ साली सुरक्षेचा कायदा झाला, १९९० साली नियम झाले. हवा धोक्याची असण्याचा संशय असेल तर आधी हवा तपासा, मग माणूस उतरवा. आता तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मिसळला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नियम पाळतात का? कधी पाळतात, कधी मुकादम म्हणतो, "उतर रे, काय होत नाय." पण नियम आहे म्हणून मी निदान भांडू शकतो. शेतातल्या आखाड्यावरच्या टाकीशी कोण भांडणार? ही संहिता साधारण दहा किंवा जास्त कामगारांच्या जागांना लागू. तिथं चार-सहा माणसं, रात्रीची वेळ, एक बॅटरी.

टाकीसाठी २०१३ चा वेगळा कायदा आहे. साधनं दिल्याशिवाय माणसाला गटारात, टाकीत उतरवणं गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अशा मरणाला दहा लाख भरपाई सांगितली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मरणाचा भाव वाढला. माझं म्हणणं, वायू मोजणारं यंत्र तीस लाखांच्या मानानं किती स्वस्त आहे! ते घ्यायला लावणारा, वापरायला शिकवणारा, नाही वापरलं तर लिहून ठेवणारा माणूस पाहिजे. तो माणूस शिकून तयार होतो.

आता माझ्या मायचं सांगतो. ती जिनिंगात जायची. कापसाचा हंगाम असला की सकाळी सात ते रात्री, डोक्याला फडकं, नाकाला पदर, घरी यायची तेव्हा भुवयांवर रुई. मी लहान होतो, मला ती म्हातारीसारखी दिसायची. सुटीनंतर कामाला गेली की पहिल्या दिवशी तिची छाती आवळून यायची. म्हणायची, "बाबू, दगड ठेवल्यावानी व्हायलंय." आठवडाभरात थोडं कमी व्हायचं. सुटी झाली, परत गेली, परत दगड. दवाखान्यात गेलो. एकानं टीबी म्हटलं, एकानं दमा, एकानं विचारलं बिडी ओढता का. माय आयुष्यात बिडी ओढली नाही. काम काय करता, हे तिघांपैकी एकानंही विचारलं नाही.

पुढं मी गोदीत गेलो. तिथं एका जुन्या गिरणी कामगारानं मला शब्द सांगितला: बिसिनोसिस. कापसाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार. त्याची खूणच ही, सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. इंग्रज लोक त्याला सोमवारच्या नावानं ओळखायचे. सुरुवातीला काम सुटलं की बरं वाटतं. वर्षं गेली की दम कायमचा लागतो, मग सुटीही कामाची नाही आणि औषधही पुरं पडत नाही. मायला नेमका तोच आजार होता असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. मी एवढंच म्हणतो की प्रश्न विचारला गेला असता तर नळीत फुंकायला लावून कामाआधीचा आणि कामानंतरचा दम मोजता आला असता. तिला निदान कळलं असतं की दगड कुठला आहे.

कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या यादीत पुढं हा आजार घातला गेला होता. आता त्या कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतली. कायदा कोणताही असो, भरपाईला कागद लागतो. आजार कामानंच झाला हे सांगणारा कागद. कागदावर काम लिहिलेलंच नाही तर वकील काय करील, आणि युनियन तरी काय करील?

गिरणीचं निघालं म्हणून सांगतो. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात बाबासाहेबांनी एक सवाल टाकला होता. अस्पृश्यांना विणकाम खात्यात का घेत नाहीत? त्या खात्यात पगार जास्त. कारण असं सांगत की धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा दुसरा कसा तोंडाला लावील? म्हणजे बघा, कोणत्या खात्यात कोण उभा राहणार, कुणाच्या छातीत कोणती धूळ किती वर्षं जाणार, हे जातीनं ठरत होतं. डॉक्टरच्या पुस्तकात धुळीचं प्रमाण असतं, कामाचे तास असतात. आपल्या देशात त्या पुस्तकात आणखी एक रकाना लागतो. तो रकाना आपल्यातल्याच कुणीतरी आखायला पाहिजे. दुसरा आखेल याची वाट बघू नका.

बाबासाहेब मजूर मंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. दिल्लीत बसून फायली बघता आल्या असत्या की. पण काम जिथं होतं तिथं जाऊन बघायचं, ही त्यांची रीत. या शास्त्राचीही पहिली रीत तीच आहे.

आणि १४ एप्रिल. आपण त्या दिवशी मिरवणूक काढतो. मुंबईच्या गोदीत त्या तारखेची आणखी एक आठवण आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. पोटात शेकडो टन दारूगोळा, आणि त्याच्या जोडीला कापसाच्या गाठी. आग लागली, विझली नाही, दोन स्फोट झाले. आगीच्या बंबाचे ६६ जवान मेले, त्यांचा आकडा नेमका आहे, त्यांच्या आठवणीत तो दिवस देशभर पाळतात, पाळलाच पाहिजे. पण एकूण मेले किती? कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. गोदीतले मजूर किती, त्यांत आमच्यासारखे रोजंदारीचे किती, हे कुणी नेमकं सांगत नाही. ज्याचं नाव हजेरीपुस्तकात नीट नव्हतं तो मेल्यावर मोजायचा कसा? मला रात्री कविता सुचते ती बहुतेक वेळा या न मोजलेल्या माणसांची असते.

शेतात चला. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं मेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी कापूस माणसाएवढा वाढला होता, फवारा सरळ तोंडावर यायचा. पाठीवर पंप, अंगात बनियन, पायात काही नाही. परभणी, मानवत, सेलूच्या कापसात काय वेगळं आहे? फवारणीच्या विषानं रक्तातलं एक द्रव्य कमी होतं, ते तपासणीत कळतं. हंगामाआधी एकदा आणि हंगामात एकदा रक्त तपासलं तर माणूस पडायच्या आधी कळेल की याला आता फवारणीवर पाठवू नका. कारखान्यातल्या कामगारासाठी जगात हे करतात. शेतमजुरासाठी कोण करणार?

ऊसतोडीला गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडून टोळ्या जातात, तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळी आली, काम बुडलं, की दंड. पोटात दुखतंय म्हणून गेलं की ऑपरेशन. हा आकडा बायांनी वर्षानुवर्षं एकमेकींना सांगितला होता, उसाच्या फडात, चुलीपुढं. मोजला गेला तेव्हा सरकारी कागदावर आला. मोजण्यात काय ताकद असते ते यातून शिका.

आता विद्यापीठ. मराठवाड्यातल्या माणसानं विद्यापीठ हा शब्द उच्चारला की अंगावर काटा येतो. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि आपली घरं जळाली, माणसं मारली गेली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. सोळा वर्षं आपण दाराच्या पाटीसाठी लढलो, ते बरोबरच होतं. पण पाटीच्या आत काय शिकवतात हे बघायचं काम आता तुमचं आहे.

इथंच परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्यातल्या गृहविज्ञानाच्या महाविद्यालयात शेतात राबणाऱ्या बायांचे श्रम मोजायचं काम झालं आहे. वाकून काम करताना काळजाचे ठोके किती वाढतात, किती ताकद जाते. त्यावरून हातमोजे, कापूस वेचायची पिशवी असल्या वस्तू काढल्या गेल्या. म्हणजे आपल्या मायच्या कमरेचं दुखणं शास्त्रात बसतं, हे याच गावात सिद्ध झालं आहे. २०२३ मध्ये इथं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमात कामाच्या आजारांचा धडा आहे, पण धडा परीक्षेपुरता राहतो. तो शिकणाऱ्या पोरांना जिनिंगात घेऊन जा, ऊसतोडीच्या कोपीवर घेऊन जा, अशी मागणी आपण का करू नये?

वाटा सांगतो, वह्या काढा. एम.बी.बी.एस. झालेल्याला औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा कोर्स आहे. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथं तो होतो, आणि इंजिनिअरिंग किंवा विज्ञानवाल्यांसाठी औद्योगिक सुरक्षेची पदविका आहे. अहमदाबादेत राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, १९६६ पासूनची. सार्वजनिक आरोग्याची एम.पी.एच. पदवी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आहे. परदेशी विद्यापीठांत तर हाच विषय घेऊन एम.पी.एच. करता येते, आणि अनुसूचित जातीच्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची शिष्यवृत्ती आहे. मावसाला उत्तर पाहिजे ना? नव्या संहितेनं ५०० कामगारांच्या कारखान्यात, धोक्याच्या कारखान्यात २५० वर, सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला आहे. पोट भरतं. पण पगार मालक देणार, हे ध्यानात ठेवा. सुरक्षा अधिकारी होऊन मालकाच्या खोट्या वहीवर सही करणारा आपलाच पोरगा निघाला, तर कोणत्या तोंडानं जय भीम म्हणायचं?

दुसरी भीती मला संशोधनाची वाटते. शहरातून माणसं येतात, वस्तीत फॉर्म भरून नेतात, पुस्तक लिहितात, पीएच.डी. होतात. आपण कायम नमुना. तुमच्या मायच्या दम्याचा आकडा कुठल्या तरी कपाटात इंग्रजीत पडून असतो आणि माय मरून जाते. म्हणून माझी मावसबहीण शिकली पाहिजे. ती जिनिंगात गेली तर बाया तिच्याशी खरं बोलतील. कुणाला विचारायचं, मुकादम नसताना कधी विचारायचं, हे तिला पुस्तकाशिवाय कळतं. राहिलं ते मोजायचं कसब, ते विद्यापीठानं द्यावं. आणि तिनं जे मोजलं ते आधी वस्तीत मराठीत वाचून दाखवावं, मग जगाला.

पर्यावरण म्हटलं की लोकांना वाघ आणि डोंगर आठवतात. आठवू द्या. मुंबईत देवनारचा कचऱ्याचा डोंगर १९२७ पासून आहे, त्याच्या पायथ्याशी कोण राहतं ते मी रोज लोकलमधून येता-जाता ऐकतो, बघतो. गावात हागणदारी कोणत्या वाऱ्याच्या दिशेला होती आणि आपली वस्ती कोणत्या, आठवून बघा. कामाची धूळ पदरातून घरी येते, लेकराच्या अंथरुणात जाते. कामाचा आजार आणि वस्तीचा आजार यांत भिंत नाही.

ज्यांना शिकता येणार नाही त्यांनी काय करायचं? माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्यांनी? तीन गोष्टी. एक, दवाखान्यात गेलात की स्वतः सांगा, मी अमुक काम करतो, इतकी वर्षं करतो, केसपेपरवर लिहा. लिहीत नसेल तर लिहीपर्यंत उठू नका. दोन, प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. नाव, काम, किती वर्षं, काय दुखतं, सुटीत कमी होतं का. कुणी मेलं तर शेवटचं काम काय होतं ते लिहा. तीन, टाकीत, विहिरीत, कणगीत, बंद जागेत आपला माणूस पडला तर मागं उडी मारू नका. आरडाओरडा करा, दोर टाका, हवा सोडा, बंब बोलवा. हे सांगताना माझाही जीव वर-खाली होतो, पण एकाच्या मागं पाच जायला नकोत.

वहीचं काम आजच सुरू करू. बैठक संपल्यावर ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबा. या मागं बसलेल्या मायबायांपासून सुरुवात करायची. त्यांच्याजवळ जमिनीवर बसा, आडनाव विचारू नका, काम विचारा. आणि त्या सांगतील तेवढं सगळं लिहा, मध्येच तोडू नका.

जय भीम.